कुर्ल्याच्या माणसाचं चित्र

मंडळी, आजची पोस्ट खड्डे, गटार आणि पाण्याच्या वेळा यांवर नाही. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा. विषय आहे चित्रांचा. पण विषय शेवटी आपल्या वॉर्डावरच येतो, म्हणून पूर्ण वाचा.

आपला एल वॉर्ड. २०११ च्या जनगणनेनुसार इथे नऊ लाखांच्या आसपास माणसं राहतात. एवढ्या वस्तीला महाराष्ट्रात कुठेही मोठं शहर म्हणतात. आपल्याकडे मध्य आणि हार्बर मार्गांचं जंक्शन आहे, टर्मिनस आहे, मॉल आहे, बाजार आहे, कारखाने आहेत, मिठी नदी आहे. पण भिंतीवर टांगलेली खरी चित्रं बघायला जावं असं एकही सार्वजनिक कलादालन माझ्या बघण्यात नाही. आणि गंमत म्हणजे त्यावर कधी कुणी निवेदन दिलेलं, मोर्चा काढलेला, निवडणुकीत प्रश्न विचारलेला मी वीस-बावीस वर्षांच्या पत्रकारितेत पाहिलेला नाही. ‘आपल्याला काय करायचंय त्याचं’ असं आपण गृहीतच धरलंय.

मीही धरलं होतं. जर्नालिझमचा डिप्लोमा करून मी या धंद्यात आलो. पोलीस स्टेशन, वॉर्ड ऑफिस, हॉस्पिटल, स्टेशन मास्तर, ही माझी रोजची दारं. चित्रांचं प्रदर्शन हा विषय ‘साऊथ बॉम्बे’वाल्या इंग्रजी पेपरांचा. आपण बातमी करायची ती पाणी तुंबलं की, इमारत पडली की, रुळांवर कुणी गेलं की.

२०२० च्या जानेवारीत मी पहिल्यांदा चित्रं बघायला म्हणून मुद्दाम फोर्टात गेलो. त्याआधी काय चाललं होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तेव्हा मी हा धंदा सोडायच्या बेतात होतो. कॉलमच्या सेंटिमीटरवर मिळणारे पैसे घराला पुरत नव्हते. मेहुण्यांनी एका बिल्डरकडे ‘कंटेंट’ लिहायचं काम बघून ठेवलं होतं. पगार ठरलेला, एक तारखेला हातात. बायको स्पष्ट काही म्हणत नव्हती, पण मुलाच्या क्लासची फी भरायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवत होती. पैशांपेक्षाही एक गोष्ट जास्त खात होती. मी ज्या डेस्कला बातम्या पाठवायचो तिथला एक वरिष्ठ एकदा सहज बोलून गेला, ‘कुर्ल्याची बातमी ना? किती गेले?’ त्याच्या मनात वाईट नव्हतं, जागा किती सोडायची एवढाच त्याचा हिशेब होता. पण मी नंतर माझी कात्रणं चाळली, तेव्हा दिसलं की कुर्ल्यातल्या साध्या माणसाचं नाव पेपरात येतं ते बहुतेक वेळा तो मेल्यावर. किंवा पकडला गेल्यावर. जिवंत, कामावर जाणारा, डबा खाणारा, पुलावर टेकून उभा राहिलेला माणूस ही बातमी नसते.

आमच्या भागात एक जुने पेंटरकाका आहेत. दुकानांचे बोर्ड, ट्रकमागची अक्षरं, गणपती मंडळांचे देखावे, सगळं हातानं करायचे. फ्लेक्स आला आणि काम संपलं. तेच एक दिवस म्हणाले, ‘अरे पत्रकार, रीगलसमोरच्या म्युझियममध्ये ठाण्याच्या डॉक्टरची चित्रं लागलीत म्हणे. आपल्यासारख्या माणसांची काढतो. चल, येतोस?’

मी म्हटलं, ‘काका, तिथे आपल्याला आत सोडतील का?’

‘तिकीट काढल्यावर का नाही सोडणार?’

इतकं साधं होतं. वीस रुपयांचं तिकीट. सीएसएमटीला उतरून हुतात्मा चौक, काळा घोडा असं चालत गेलो. रीगल सिनेमासमोर ती गोलाकार दर्शनी भागाची दगडी इमारत आहे ना, ती राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची, म्हणजे एनजीएमएची. जुन्या लोकांसाठी तो अजून कावसजी जहांगीर हॉल. १९११ साली बांधलेला, आणि १९९६ पासून तिथे केंद्र सरकारचं हे संग्रहालय आहे. म्हणजे सरकारी. तुमच्या-माझ्या पैशांवर चालणारं. या इमारतीवरून मी शेकडो वेळा बसने गेलो असेन, आत पहिल्यांदा गेलो. दारात पिशवी जमा करताना काकांनी चपला काढायच्या का म्हणून विचारलं. वॉचमन हसला नाही, ‘नाही काका, घालूनच जा’ म्हणाला. त्याचे मी मनात आभार मानले.

प्रदर्शन होतं सुधीर पटवर्धन यांचं, ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ नावाचं. नॅन्सी अडजानिया यांनी मांडणी केलेली. जवळपास पाच दशकांचं काम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पटवर्धन यांचा जन्म १९४९ चा, पुण्याचा. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. १९७३ मध्ये मुंबईला आले. १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तीस वर्षं, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून त्यांनी काम केलं. एक्स-रे बघायचे, रिपोर्ट द्यायचे. आणि त्याच तीस वर्षांत चित्रं काढली. आर्ट स्कूलची रीतसर पदवी नाही, बरंचसं स्वतःच शिकलेले. १९८१ मध्ये भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, जोगेन चौधरी, नलिनी मलानी आणि विवान सुंदरम यांच्याबरोबर ‘प्लेस फॉर पीपल’ नावाचं प्रदर्शन झालं, त्यात ते होते. नावातच सगळं आलं, माणसांसाठी जागा. ज्या काळात चित्रातून माणूस हद्दपार होऊन नुसते रंग आणि आकार उरत होते, त्या काळात या मंडळींनी ओळखू येणारा माणूस परत चित्रात आणून बसवला.

आणि पटवर्धनांनी कोणता माणूस बसवला? इराण्याकडे चहा प्यायला बसलेला. लोकलच्या डब्यातला. रेल्वेच्या पुलावरचा. त्यांच्या चित्रांची नावं बघा : ‘इराणी रेस्टॉरंट’, ‘ट्रेन’, ‘ओव्हरब्रिज’, ‘टाऊन’, ‘पोखरण’, ‘उल्हासनगर’, ‘लोअर परळ’. ही नावं वाचताना मला इंडिकेटर वाचल्यासारखं वाटलं. उल्हासनगरचं चित्र कुणी इतकं मन लावून काढेल, हे मला माहीतच नव्हतं.

मला चित्रातलं काही कळत नाही. काय दिसलं ते सांगतो. माणसं मोठी होती. अंगानं दणकट, हात जाड, चेहरे थकलेले पण पडलेले नाहीत. त्यांची दया येत नव्हती. ती हिरोसारखीही नव्हती, मुठी आवळलेली पोस्टरवरची. ती नुसती होती. आपण जशी स्टेशनवर असतो तशी. काका एका चित्रासमोर खूप वेळ उभे राहिले. मी पुढे गेलो, परत आलो, तरी तिथेच. मग हळू आवाजात म्हणाले, ‘ह्या माणसानं कुणालाच घाईत रंगवलेलं नाही. बघ, मागं उभा असलेल्याचा कोपरासुद्धा नीट काढलाय.’

चाळीस वर्षं ब्रश धरलेल्या माणसाचं ते सर्टिफिकेट होतं. मला मात्र वेगळंच लागलं. मी मागे उभ्या असलेल्या माणसाचा कोपरा कधी लिहिला होता?

त्यांचं १९८१ चं एक चित्र आहे, ‘अ‍ॅक्सिडेंट ऑन मे डे’. एक मे, कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन. त्या दिवशीचा अपघात आणि भोवती जमलेली माणसं. आता अपघात हा माझा विषय. असे किती लिहिले त्याची मोजदाद नाही. माझ्या बातमीत वेळ असते, ठिकाण असतं, जखमींची संख्या असते, कोणत्या हॉस्पिटलात नेलं ते असतं. जमलेली माणसं ‘बघ्यांची गर्दी’ या दोन शब्दांत संपतात. चित्र या दोन शब्दांवर थांबत नाही. बघ्यांपैकी प्रत्येक जण कुणीतरी असतो. त्यालाही घरी जायचं असतं, त्यालाही वाटून गेलेलं असतं की हा मी असू शकलो असतो.

परत येताना सीएसएमटीवरून स्लो लोकल पकडली. समोरच्या सीटवर एक माणूस मांडीवर डब्याची पिशवी धरून झोपला होता. काकांनी मला कोपरानं ढोसलं आणि डोळ्यांनीच दाखवलं. आम्ही दोघं मशिदीपासून कुर्ल्यापर्यंत काही बोललो नाही.

बिल्डरकडचं काम मी घेतलं नाही. हे ऐकायला फार छान वाटतं, घरी तेवढं छान वाटलं नव्हतं. बायको म्हणाली, ‘चित्रं बघून नोकरी नाकारणारे तुम्ही पहिलेच.’ मग दोन दिवसांनी म्हणाली, ‘ठीक आहे, पण सकाळच्या दोन ट्यूशन्स घ्या.’ त्या मी अजून घेतो. त्यावर घर चालतं, आणि हे लिखाण त्यामुळे चालतं. डॉक्टर तीस वर्षं दवाखाना सांभाळून चित्रं काढू शकतो, तर पत्रकार मराठी व्याकरण शिकवून बातम्या लिहू शकतो, एवढा साधा हिशेब मी त्या प्रदर्शनातून घरी आणला. आपल्याकडे असं वाटतं की कलेसाठी माणसानं सगळं सोडून वेडं व्हावं लागतं. नाही हो. पोटाचं काम नीट करायचं आणि उरलेल्या वेळात नजर शाबूत ठेवायची, हेही चालतं. अवघड आहे, पण चालतं.

दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला. मे महिन्यात आपल्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून श्रमिक गाड्या सुटायला लागल्या, तेव्हा मी तिथे जात होतो. आकडे सगळेच देत होते. मी ठरवलं, रोज एका माणसाला नीट बघायचं. तो कुठे काम करत होता, पिशवीत काय घेतलंय, चप्पल कुठली आहे, कुणाला फोन लावतोय. ठक्कर बाप्पा कॉलनीत चपला शिवणारा एक जण स्वतः तुटक्या चपलेत गाडीची वाट बघत होता. ते मी लिहिलं, इथेच, या पानावर. तुमच्यातल्या जुन्या लोकांना ती पोस्ट आठवत असेल. ती वाचून दुसऱ्या दिवशी नेहरू नगरातली दोन पोरं सायकलवरून बिस्किटं घेऊन टर्मिनसला आली होती. त्या आधी मी त्याच टर्मिनसवरून पाठवलेल्या आकड्यांच्या बातमीला कुणी सायकल काढली नव्हती.

२०२४ च्या ९ डिसेंबरला रात्री स. गो. बर्वे मार्गावर बस गर्दीत घुसली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या चॅनलांच्या गाड्या आपल्याकडे उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी पांगल्या. मी चौथ्या दिवशी गेलो आणि त्या रस्त्यावर रोज उभ्या असणाऱ्या माणसांबद्दल लिहिलं. बस आली की फळवाले आता आधी मान वळवून बघतात, मग गिऱ्हाईकाकडे. एवढंच निरीक्षण होतं. ते करायला मला कुणी शिकवलं, तर त्या वीस रुपयांच्या तिकिटानं.

आता वॉर्डाकडे येतो.

मागच्या आठवड्यात ओळखीच्या वहिनींचा फोन आला. मुलीला इंटरमिजिएट ड्रॉइंगला ‘ए’ ग्रेड मिळाली, दहावीला सात मार्क वाढणार म्हणून घरात आनंद. बरोबरच आहे. मी पोरीला विचारलं, ‘कुणाची चित्रं आवडतात?’ ती म्हणाली, ‘काका, पुस्तकात आणि मोबाईलवर बघितलीत. खरं चित्र कधी बघितलं नाही.’

विचार करा. ‘ए’ला सात मार्क, ‘बी’ला पाच, ‘सी’ला तीन. या मार्कांसाठी राज्यभर मुलं दरवर्षी परीक्षेला बसतात, पालक क्लास लावतात, रंगपेटीवर खर्च करतात. पण परीक्षा देणाऱ्या मुलानं एकदा तरी खरं चित्र समोर उभं राहून बघितलंय का, हे कुणी विचारत नाही. म्हणजे पोहण्याची परीक्षा, आणि तलाव कधी दाखवलाच नाही.

आणि आपल्याला चित्रांशी काय घेणं, असं म्हणणाऱ्यांना एक सांगतो. चित्रकला ही पैसेवाल्यांची मिरास कधीच नव्हती. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे. मुंबईत आले ते सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरत. म्हणजे आमच्या पेंटरकाकांच्या बिरादरीतले. के. एच. आरा लहानपणी घरातून पळून मुंबईला आले, लोकांच्या घरी गडीकाम केलं, गाड्या धुतल्या आणि चित्रकार झाले. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुपमध्ये सूझा आणि रझांच्या बरोबरीनं ही दोन नावं आहेत. साहित्यात गिरणीतला, फूटपाथवरचा माणूस नारायण सुर्व्यांनी कवितेत आणला, ते आपण शाळेत शिकलो. चित्रात तोच माणूस कुणी आणला, ते मात्र कुणी शिकवलं नाही.

आपल्या कुर्ल्याचं चित्र काढायला विषयांना तोटा आहे का? स्वदेशी मिल घ्या. १८८६ मध्ये जमशेदजी टाटांनी कुर्ल्याची धरमसी मिल घेतली आणि तिचं नाव ठेवलं स्वदेशी. ती बंद पडल्यावर कामगार देण्यांसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. प्रीमियर कंपनीची पद्मिनी इथेच तयार व्हायची. मुंबईची ती काळी-पिवळी टॅक्सी अख्ख्या देशानं सिनेमात बघितली, शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तिला जोडणारे हात कुर्ल्यात अजून आहेत, आता आजोबा झालेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा मिठीकाठी जे झालं ते आपल्यातल्या प्रत्येकानं छातीएवढ्या पाण्यातून बघितलंय. या सगळ्याचं एकही चित्र आपल्या वॉर्डात भिंतीवर नाही. आपल्या भिंतींवर आहेत वाढदिवसाचे फ्लेक्स.

मागणी मोठी नाही. नवीन इमारत नको, भूमिपूजन तर मुळीच नको. तीन गोष्टी सांगतो, पटलं तर शेअर करा, नगरसेवकांना, आमदारांना टॅग करा.

एक. महापालिकेची सभागृहं, वाचनालयं, शाळांचे हॉल यांतली एक भिंत दर तीन महिन्यांनी वॉर्डातल्या चित्रकारांना आणि मुलांना द्या. खर्च खिळे, दोऱ्या आणि दोन लाईटचा.

दोन. ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक पालिका शाळेच्या मुलाला वर्षातून एकदा संग्रहालयात न्या. कुर्ल्याहून सीएसएमटीला लोकलनं फार तर अर्धा-पाऊण तास लागतो. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उघडी आहे, आत जायला पैसे लागत नाहीत. भायखळ्याला राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं, ते तर आपल्या महापालिकेचंच.

तीन. हातानं बोर्ड रंगवणारे जे पाच-दहा पेंटर आपल्या भागात उरलेत, त्यांना शाळांमध्ये महिन्यातून एक तास बोलवा, मानधन द्या. देवनागरी अक्षर ब्रशनं कसं वळवायचं हे त्यांच्याबरोबर जाईल. फ्लेक्सच्या मशीनला ते येत नाही.

हे झालं सरकारचं. सरकार करेल तेव्हा करेल. तोवर आपण आपलं करू.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी आणि पेंटरकाका परत फोर्टात जाणार आहोत. आधी जहांगीर, मग एनजीएमए. (एनजीएमए सोमवारी बंद असतं, नंतर कुणी एकटं जाणार असेल तर लक्षात ठेवा.) सकाळी साडेनऊला कुर्ला पश्चिमेच्या तिकीट खिडकीपाशी भेटायचं. येणाऱ्यांनी डबा आणा, पाण्याची बाटली आणा, मुलांना आणा. चांगले कपडे घालायची गरज नाही, कामावरच्या कपड्यांत आलात तरी चालेल. आत कुणी अडवत नाही, मी सांगतो. चित्रातलं कळत नाही म्हणून मागे राहू नका. एका चित्रासमोर पाच मिनिटं उभं राहायचं, एवढाच नियम. काका सोबत आहेत, कोपरा कुठे बघायचा ते दाखवतील.

किती जण येताय ते कमेंटमध्ये लिहा. दहाच्या वर झालो तर वेळ थोडी अलीकडे घेऊ, म्हणजे सगळ्यांना गाडीत बसायला जागा मिळेल. मिळाली तर.